वकिलांच्या खिडक्यांचं माप

माझी ताई कुणाच्याही घरी गेली, की आधी खिडकीकडे बघते. माणसांकडे नंतर. कुणी पाणी पुढे केलं तरी हात ग्लासाकडे आणि नजर खिडकीकडे. ऊन कुठून येतं, किती आत येतं, दुपारी भिंतीवर पडतं की अंथरुणावर, हे सगळं तिच्या डोक्यात आपोआप मोजलं जातं. ती पडदे शिवते. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची सकाळ किती वाजता व्हायची ते तू ठरवतेस, असं मी एकदा थट्टेने म्हटलं, तर तिला ते इतकं आवडलं की दिवसभर स्वतःशीच हसत होती.

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. माझ्याकडे माणूस आला, की चिठ्ठी दाखव, औषध घे, चालू लाग. ताईचं तसं नाही. कापड अंगावर घेऊन खिडकीपाशी उभी राहील आणि त्यातून झिरपणाऱ्या उजेडाकडे बघता बघता गिऱ्हाइकालाच विसरून जाईल. आई म्हणायची, मोठीला पहिली हाक मारली की ती नुसती निघते, दुसऱ्या हाकेला घरी पोचते.

तिची शिवणखोली घराच्या मागच्या बाजूला. छतापासून दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर तयार पडदे टांगलेले, त्यामुळे आत शिरायचं तर एक एक पडदा बाजूला सारत जावं लागे. निळ्यातून हिरव्यात, हिरव्यातून पांढऱ्यात. दुपारी त्या खोलीत पाण्याखाली असल्यासारखं वाटे. मशीनचा आवाज कुठून येतोय ते कळत नसे, फक्त येत राही. कितीही रागावून मी आत शिरले, तरी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत माझा निम्मा राग वाटेतच कुठेतरी अडकून पडे.

आणि मला राग येण्यासारखं त्या घरात पुष्कळ होतं.

भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस वाईट नाही. व्यसन नाही, हात उगारणं नाही, बाहेर कुणी नाही. अख्ख्या गल्लीशी हसूनखेळून. फक्त बायकोशी बोलत नसत. खूप वर्षांपूर्वी ताईने बाहेरची कामं घ्यायला सुरुवात केली तेव्हा ते म्हणाले होते, "तुझं तू बघ." ती म्हणाली होती, "बघते." एवढंच. भांडण म्हणावं तर इतकंसं. पण त्यानंतर दोघांनी जी तोंडात मिठाची गुळणी धरली, ती काही सुटली नाही. लोक ताईला विचारत, मग झालं तरी काय? आता झालं काय ते सांगायला आधी काही व्हावं तर लागतं! काहीच होत नव्हतं, रोज होत नव्हतं.

मधे होती मुंगी. माझी भाची. तिचं खरं नाव शाळेतच तेवढं वापरतात. सतत या खोलीतून त्या खोलीत पळत असते म्हणून मुंगी. आणि पळण्याचं कारण हेच, की घरातलं सगळं बोलणं तिच्या पायांनी चालत असे. "आईला सांग, मी उशिरा येईन." "बाबांना सांग, गॅस संपलाय." बोलायला लागल्यापासून ती हेच काम करत होती. सगळ्याच घरांत एक मूल या कामाला असतं असं तिला वाटत असावं.

एके दिवशी दुपारी ताई दोन खोल्यांमधल्या दाराला नवा पडदा लावून बघत होती. ती पडद्याच्या मागे, चुण्या सारख्या करत. पलीकडे भावोजी जेवत होते. ते म्हणाले, "आईला विचार, हे जेवण आहे की शिक्षा?" मुंगी उठली, पडद्याला वळसा घालून आली, आणि आईकडे बघून गोड हसत हळूच म्हणाली, "बाबा म्हणतात, आज जेवताना मजा आली."

डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही तिची. इतकं सराईतपणे म्हणाली, की ताईच्या हातातल्या चुण्या सुटल्या. म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं. आजवर आलेले किती निरोप खरे होते आणि किती या पोरीने वाटेत शिवलेले? त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आली, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "मला वेगळं व्हायचंय. असे निरोप शिवता शिवता पोर दमेल गं. पण मुंगी माझ्याकडून जाणार असेल, तर मात्र नाही." मग पुन्हा खिडकीकडे बघायला लागली. तिला त्या एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते देणारा माणूस हवा होता.

मी लगेच कामाला लागले. विचारपूस केली, दोन-चार जणांकडून नावं काढली आणि ताईला सगळ्यात नावाजलेल्या वकिलाकडे धाडलं. त्यांना बोलताना सारखं मनगटाकडे बघायची सवय होती, म्हणून आम्ही त्यांना घड्याळवाले म्हणतो. दुपारी ताई परत आली ती अगदी शांत.

"विचारलंस?"

"त्यांच्या खिडकीला पश्चिमेचं ऊन आहे," ताई म्हणाली. "टेबलावरचे कागद पिवळे पडलेत."

"ताई, विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. आत गेल्यावर त्यांनी "बोला, काय काम?" म्हटलं, तिची नजर खिडकीकडे गेली आणि तोंडातून निघून गेलं, "पडद्यांसाठी आलेय." ते म्हणाले, बरं झालं, केव्हापासून करायचेच होते. ताईने टेप काढला, माप घेतलं आणि आली. मी डोक्याला हात लावला. नवऱ्यापासून वेगळं व्हायला गेलेली बाई ऑर्डर घेऊन परत येते, हे फक्त माझ्याच घरात होऊ शकतं.

मी तिला दुसरीकडे पाठवलं. हे वकील फार गोड बोलतात म्हणून प्रसिद्ध. तिथून ती दोन खिडक्यांचं माप घेऊन आली, शिवाय आतल्या खोलीची चौकशीही होती.

"तू वकील शोधतेयस की गिऱ्हाईक?" मी ओरडले.

"अगं, कापड लावायला जाईन ना, तेव्हा विचारते," ती म्हणाली, आणि ते कापड अंगावर घेऊन उजेडात उभी राहिली. राखाडी होतं, पण उन्हात त्याला आतून किंचित गुलाबी झाक येत होती. तिने ते मला दाखवलं. माझाही ओरडण्याचा धागा सुटला.

मग सुरू झाले शिडीवरचे दिवस. ताई ते सांगते तेव्हा झोपेतलं काही सांगावं तसं सांगते. ती वर, छतापाशी, तोंडात हूक धरलेले, हातात कापडाचा ढीग, आणि खाली वकील आणि त्यांच्याकडे आलेली माणसं. शिडीवरच्या बाईला कोण विचारतो? भिंतीतल्या खिळ्यासमोर बोलावं तसं ते तिच्यासमोर बोलत. तिला वरून चेहरे दिसत नसत. केसांतले भांग दिसत, टक्कल दिसे, मांडीवर एकमेकांत अडकवलेले हात दिसत. आवाज तेवढे हळूहळू वर चढत आणि पडद्याच्या चुण्यांत येऊन थांबत.

कुणी विचारी, मीच आधी अर्ज केला तर चूक माझी ठरते का? कुणी विचारी, घर त्याच्या नावावर आहे, तर मी उद्यापासून कुठे जाऊ? एक बाई फक्त एवढंच विचारत राहिली, की तो सही करणारच नाही म्हणाला तर आयुष्यभर असंच का? वकिलांच्या उत्तरातून ताईला कळलं, की दोघं राजी असतील तर वाट जवळची, नसतील तर लांबची, पण वाट असते. एक म्हातारे गृहस्थ आले होते. मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेली, आता मला माझ्या घरी एकट्याने राहायचंय, म्हणाले. ताईला ते फार आवडले. त्यांचा भांग अगदी सरळ होता, म्हणाली.

हातांकडे बघून तिला आणखी एक गोष्ट कळली. जो तो आपली गोष्ट जगावेगळी असल्यासारखी सांगे, आणि हात सगळ्यांचे एकच करत. अंगठी फिरवत.

तरी तिने विचारलं नाही. कारण सकाळी घड्याळवाल्यांनी एका आईला सांगितलं, "मुलगा तुमचाच समजा." आणि ताई पडद्याची दुसरी बाजू लावेपर्यंत भलत्याच कुठल्या तरी घरचा एक बाप आला, त्यालाही त्याच आवाजात सांगितलं, "मुलगा तुमचाच समजा." गोड वकिलांनी तर एक बाई रडत बाहेर गेल्यावर तिची सगळी हकिकत फोनवर कुणाला तरी हसत हसत ऐकवली. ताईच्या हातातला हूक खाली पडला. त्यांनी उचलून दिला, वर "सांभाळून हं" म्हणाले.

"त्या बाईचं बोलणं माझ्यापर्यंत आलं," ताई मला म्हणाली. "माझं कुठल्या शिडीपर्यंत जाईल?"

मग मी तिला तिसरीकडे धाडायचं नाव काढलं नाही. असं क्वचितच होतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तिसऱ्या वकीलबाई आम्ही शोधल्याच नव्हत्या. गोड वकिलांच्या शेजारच्या इमारतीत त्यांचं ऑफिस, त्यांनीच पडदे बघून निरोप धाडला. पन्नाशी उलटलेल्या, आखूड केसांच्या, डाव्या कानाने जवळजवळ बहिऱ्या. त्यांची मागणी ऐकून ताई चाट पडली. "उजेड कितीही येऊ दे," त्या म्हणाल्या, "आवाज बाहेर जाता कामा नये. मला ऐकू कमी येतं, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्याला स्वतःचं दुःख ओरडून सांगावं लागतं. ते रस्त्यावर कशाला जायला हवं?"

आवाजासाठी पडदा ताईने आजवर शिवला नव्हता. तिने जाड कापड आणलं, त्याला दुहेरी अस्तर लावलं, चुण्या नेहमीपेक्षा दाट घेतल्या. शिवताना मधेच थांबून त्यात तोंड खुपसून काहीतरी पुटपुटायची आणि मला विचारायची, "ऐकू आलं?" मुंगीला तो खेळ फार आवडला. ती पडद्यात डोकं घालून जोरजोरात किंचाळायची आणि बाहेर आम्हाला नुसती गुणगुण ऐकू यायची. बाहेर आली की तिचे गाल लाल झालेले असत. त्या दिवसांत ती फार वेळा किंचाळली. ताई प्रत्येक वेळी हातातलं काम थांबवून बघत राहिली.

पडदे लावायला मी सुट्टी काढून बरोबर गेले. आज विचारल्याशिवाय हिला शिडीवरून उतरू द्यायचं नाही, असं ठरवूनच गेले होते. ऑफिसला दोन खिडक्या, एक रस्त्याकडे, एक बाहेरच्या बोळात उघडणारी. रस्त्याकडची झाली. ताई बोळाकडच्या खिडकीवर चढली, तेवढ्यात एक बाई आत आली. डोळे सुजलेले. खुर्चीत बसून तिने तोंड उघडलं मात्र, वकीलबाईंनी हात वर केला.

"थांबा. आधी शिडीवरून खाली या तुम्ही," त्या ताईला म्हणाल्या. "आणि दोघी बाहेर बसा. यांचं झालं की बोलावते."

ताई उतरली. तोंडातले हूक एक एक करून तळहातावर काढले आणि बाहेर आली. बाकावर बसल्यावर मी बघितलं, तर तिचा चेहरा असा झालेला, जणू कुणीतरी तिला पहिल्याच हाकेत घरी आणून पोचवलंय.

ती बाई गेली. वकीलबाईंनी आम्हाला हाक मारली. ताई आत गेली, शिडीकडे वळलीच नाही. सरळ जाऊन त्या बाईच्या खुर्चीत बसली.

"काय झालं? माप चुकलं का?"

ताई काहीतरी बोलली. मला दारात उभं राहूनही ऐकू आलं नाही.

"मोठ्याने बोला. आणि ह्या कोण?"

"माझी बहीण."

"बहीण असो नाहीतर आई. तुमचं तुम्हाला सांगायचंय. त्यांना बाहेर बसू दे."

घ्या! इतके दिवस खपले मी, आणि ऐन वेळी दार माझ्याच तोंडावर बंद. मी फणकाऱ्याने बोळात येऊन बसले. पण बोळाकडच्या खिडकीचा पडदा अजून लागायचा होता, हे त्या दोघीही विसरल्या होत्या. मी विसरले नव्हते.

"मला," आतून ताईचा आवाज आला, आणि थांबला. मग एवढ्या मोठ्याने, जेवढ्या मोठ्याने ती जन्मात बोलली नसेल, "मला माझ्या नवऱ्यापासून वेगळं व्हायचंय!"

बोळातली कबुतरं उडाली. मला रडू आलं. मला रडू आलेलं मला मुळीच आवडत नाही.

पुढे तिने सगळं सांगितलं, ओरडून. गुळणी, निरोप, पडद्यामागे ऐकलेलं. इतक्या वर्षांचं न बोललेलं एका बहिऱ्या कानापर्यंत पोचवताना तिचा आवाज फाटला, पुन्हा जुळला. आणि शेवटी तो प्रश्न. मुंगी कोणाकडे राहील?

वकीलबाई म्हणाल्या, "वचन देणार नाही. देणारा भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत तर सगळ्यात चांगलं. नाहीतर न्यायाधीश ठरवतील, आणि ते बघतील तिचं भलं कशात आहे. तुम्ही आधी आलात म्हणून ती तुमची होत नाही, त्यांचं घर मोठं म्हणून त्यांचीही होत नाही. तिला दोघंही लागतील. तेव्हा तिला घेऊन गुपचूप निघून जाऊ नका, रागाच्या भरात एकट्याही घर सोडू नका. आणि एक, तिला विचारू नका, तुला कोण हवं म्हणून. तो निरोप तिला न्यायला लावू नका."

"मग मी काय करू?"

"नवऱ्याशी बोला. इथे, माझ्यासमोर. मी तुमची वकील, त्यांची नाही. त्यांना त्यांचा वकील आणू दे."

ताई उठली आणि राहिलेला पडदा लावून टाकला. नंतर मला म्हणाली, "तू सगळं ऐकलंस ना?" मी म्हटलं, छे. ती हसली.

पण बोलावणं भावोजींपर्यंत न्यायचं कोणी? मुंगीला पाठवायचं नाही, हे ठरलेलं. त्या संध्याकाळी ताई स्वतः दाराचा पडदा सारून त्यांच्या खोलीत गेली. भावोजी इतके दचकले की हातातला पाना पायावर पडला, असं तीच सांगते. मुंगी मधे उभी, कोणाकडे बघावं ते न कळून.

भावोजींनी वकील केला तो नेमका घड्याळवाला. त्यांनी अर्थातच सांगितलं असणार, मुलगी तुमचीच समजा. बैठकीला भावोजी आले ते तसेच ताठ. पुढचं मी ताईकडूनच ऐकलं, कारण आता दोन्ही खिडक्यांना पडदे होते आणि बोळात कान देऊन बसले तरी गुणगुणीपलीकडे काही येईना. माझ्या बहिणीचं काम पक्कं असतं.

भावोजी वकीलबाईंकडे बघून म्हणाले, "हिला सांगा, मुलगी माझ्याकडे राहील." वकीलबाई म्हणाल्या, "ती इथेच बसलीय. तिला सांगा. आणि मोठ्याने, मला ऐकू आलं पाहिजे." घड्याळवाल्यांनी मनगटाकडे बघितलं. मग भावोजी ताईकडे वळून म्हणाले, "मुलगी माझ्याकडे राहील."

"ती आपले निरोप बदलते," ताई म्हणाली. "तुम्ही म्हणालात, हे जेवण आहे की शिक्षा. तिने मला सांगितलं, बाबांना मजा आली."

भावोजींचा ताठपणा कुठे गेला ते कळलंच नाही, ताई म्हणते, उसवत गेल्यासारखे ते खुर्चीत खाली खाली बसत गेले.

"रोज सकाळी मी निघताना," ते म्हणाले, "ती म्हणते, आई म्हणतेय लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना जपून."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली.

"ते तू म्हणाली नव्हतीस?"

खोटं बोलावं असं तिला त्या क्षणी फार वाटलं. त्या दोन जाड पडद्यांच्या आत, बाहेरचा एकही आवाज नसलेल्या खोलीत, एक हो म्हटलं असतं तर कदाचित सगळं पुन्हा होतं तिथे जाऊन बसलं असतं. "नाही," ती म्हणाली. मोठ्याने, कारण वकीलबाईंना ऐकू जायला हवं होतं.

भावोजींनी मान हलवली. ते रोज त्या खड्ड्यात उतरताना ते वाक्य आठवत असत, असं त्यांनी सांगितलं. किती वर्षं दोघंही मुंगीने रचलेल्या नवऱ्याबरोबर आणि मुंगीने रचलेल्या बायकोबरोबर संसार करत होते. खरी दोघं त्या दिवशी तिथे पहिल्यांदा भेटली आणि वेगळं कसं व्हायचं ते ठरवलं. मुंगी शाळेच्या दिवसांत ताईकडे, सुट्टीच्या दिवसांत त्यांच्याकडे, आणि दोन्ही दारं तिला कायम उघडी. घड्याळवाले काहीतरी म्हणायला लागले, तर भावोजीच म्हणाले, "तुम्ही राहू द्या." पुढे न्यायालयाची तारीख पडायला, कागद व्हायला जायचा तेवढा वेळ गेलाच.

ताईने जवळच दोन खोल्या घेतल्या. तिथे सामान लावायला मी गेले होते. सगळ्या खिडक्या उघड्या, एकीलाही पडदा नाही. विचारलं तर म्हणाली, "आधी बघू तरी, ऊन कसं येतं ते." सकाळचं ऊन फरशीवर पसरलेलं होतं, मशीनवर, गुंडाळलेल्या कापडांवर, मुंगीच्या चपलांवर. नवीन घरात सगळंच अजून झोपेतून उठल्यासारखं वाटत होतं. मी कपाट पुसता पुसता मधेच थांबले आणि किती वेळ थांबले कोण जाणे. हा रोग घराण्यातलाच दिसतो.

तेवढ्यात भावोजी मुंगीला न्यायला आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. ताई हातातला टेप गळ्यात टाकून दाराशी गेली. मुंगी सवयीने दोघांच्या बरोबर मधे जाऊन उभी राहिली.

"रविवारी संध्याकाळी आणून सोडतो," भावोजी ताईला म्हणाले.

मुंगीने आईकडे मान वळवली, गोड हसली आणि तोंड उघडलं. "बाबा म्हणतात..."

आणि तिथेच थांबली. हसू तसंच चेहऱ्यावर, पुढे काय ते तिला सुचेना.

ताई खाली वाकली आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"ऐकलं गं मी," ती म्हणाली. "जा तू, खेळ."